वर-खाली सोडलेल्या सळया

सायत्रे, शाळेच्या तिसऱ्या मजल्याचे खांब उभे राहिले. ही बातमी तुला सगळ्यांच्या आधी मी सांगायची, असं आपलं ठरलं होतं. ऐकायला तू नाहीस, पण ठरलं ते ठरलं, म्हणून सांगतो.

वस्तीत तुझ्यासाठी सभा झाली तेव्हा लोक बरंच चांगलं बोलले. कष्टाळू होती, मनमिळाऊ होती, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी खाली मान घालून ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, हे कोणत्या बाईबद्दल चाललंय? मनमिळाऊ आणि तू! तुझ्याशी ज्याचं एकदाही वाजलं नाही असा एक गवंडी यवतमाळात शोधून दाखवा म्हणावं. मग मला उभं केलं. सेंटरिंगवर उभं राहून पंचवीस माणसांना आवाज देणारा मी, माझ्या तोंडून दोन वाक्यं धड निघाली नाहीत. म्हणून आता लिहून काढतो. वस्तीतल्या रविवारच्या वर्गात आपण दोघं एका पाटीवर अक्षरं गिरवायला शिकलो. तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं आणि ते तू मला कधी विसरू दिलं नाहीस. हे वाचायला असतीस तर मजकूर सोडून आधी माझ्या वेलांट्या तपासल्या असत्यास.

धम्माची दीक्षा घेऊन आपण परत येत होतो तो दिवस मला सारखा आठवतो. पोरगी तुझ्या कडेवर होती. दृष्ट लागू नये म्हणून माझ्या आईनं तिचं नाव भिकी ठेवलं होतं. तू रस्त्यातच म्हणालीस की हिचं नाव बदलायचं. मी म्हटलं, घरी जाऊन ठरवू, एवढी काय घाई आहे. तू म्हणालीस, घराच्या उंबऱ्याच्या आत हिला भिकी म्हणून न्यायची नाही. ढाणकीकडच्या आपल्या गावाची वेस यायच्या आधी ती सुजाता झाली होती. पुढं गावची जुनी कामं मी नाकारली, गावानं मजुरी बंद केली, आणि आपण राजूरच्या खाणीवर पोट भरायला गेलो. लोक त्या दिवसांची आठवण काढताना सुस्कारा टाकतात. मला मात्र छाती फुगल्यासारखं वाटतं, कारण लोहा बांधायचं, सळया तारेनं आवळायचं काम आपल्या हाताला तिथं लागलं.

माझ्या हाताला आधी लागलं, एवढं तरी कबूल कर. तू तेव्हा घमेलं वाहत होतीस. खाणीच्या बांधकामावर काँक्रीटचे मोठे खांब होत होते. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत मी भाकर खाऊन परत आलो तर तू खांबाच्या सळयांच्या पिंजऱ्यापाशी बसलेली, हातात माझा तार पिळायचा आकडा, आणि निम्म्या रिंगा बांधून झालेल्या. मुकादम धावत आला. बायांनी लोहा बांधायचा नसतो म्हणाला. तू उठलीसुद्धा नाहीस.

"काहून? लोह्याले समजते काय, बाई कोन अन् मानूस कोन?"

मुकादमानं एक गाठ हलवून पाहिली, दुसरी हलवून पाहिली, आणि आल्या वाटेनं निघून गेला. मारेगावकडं तुझा बाप अंबाडीचे दोर वळायचा. लहानपणापासून तू त्याच्या समोर बसून पीळ देत आलेली. तारेला किती पिळायचं आणि कुठं थांबायचं, हे मला शिकायला वर्ष लागलं. तू ते घरूनच घेऊन आली होतीस. तुझी गाठ माझ्या गाठीपेक्षा पक्की होती. हे तुला तोंडावर कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू दिवसभर ते गावभर सांगत फिरली असतीस, हेही खरं.

मग यवतमाळला मुलींच्या शाळेचं काम निघालं. तळमजला धरून तीन मजले, सगळं खांबांवर. आपल्या भागात तेव्हा एवढी उंच इमारत म्हणजे लोक जाता-येता मान वर करून उभे राहायचे. इंजिनियर खानझोडे साहेब नागपूरहून यायचे. नकाशा त्यांचा, आणि त्या नकाशात एक गोष्ट आम्हाला नवी होती.

सभेत लोकांना हे सांगायचं राहून गेलं, म्हणून इथं लिहितो. खांबातली सळई काही पायापासून गच्चीपर्यंत एकसंध येत नाही. मजला झाला की खालच्या सळयांची टोकं स्लॅबमधून वर सोडायची. त्यांच्या अंगाला अंग लावून वरच्या मजल्याच्या सळया उभ्या करायच्या, ठरलेल्या लांबीभर दोघींना बरोबर ठेवायचं, तारेनं बांधायचं, भोवती रिंगा घालायच्या आणि मग काँक्रीट ओतायचं. यालाच आपण जोड म्हणतो. खालची टोकं आखूड पडली तर वरचीला धरायला काही उरत नाही. इतर कामांवर आम्ही सगळे जोड खांबाच्या बुडाशी एकाच उंचीवर घ्यायचो. कापायला सोपं, बांधायला सोपं. खानझोडे साहेबांच्या नकाशात निम्म्या सळयांचा जोड खाली होता आणि निम्म्यांचा त्याच्या बराच वर. म्हणून स्लॅबवर टोकं सोडायची तीही एक आखूड, एक लांब, एक आखूड, एक लांब.

मी कपाळाला आठ्या घालून नकाशा उलटसुलट करत होतो. तू साहेबांना सरळ विचारलंस की असं काहून. ते म्हणाले, सगळे जोड एका जागी आले की तीच जागा कच्ची राहते. तुझा चेहरा उजळला. म्हणालीस, माझा बाप दोर असाच वळायचा. जुनी अंबाडी सरत आली की नवी घ्यायची, पण सगळ्या पेडांत एका ठिकाणी नाही, मागं-पुढं. साहेब तुझ्याकडं बघत राहिले आणि मग एवढे खूश झाले की पुढं कामावर येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी तोच दोर सांगितला. नकाशा त्यांचा, दोर तुझा.

एक गोष्ट मात्र तुला त्या नकाशात कधी पटली नाही. वरची सळई खालचीच्या रेषेत सरळ उभी राहावी म्हणून खालचीचं टोक जरासं आत वळवून घ्यायचं असतं. तू सळया वाकवायच्या पाटावर पाना लावून टोकं वळवायचीस आणि बडबड करायचीस.

"इथंबी खालच्यानंच वाकाचं. गावात पुरलं नाही काय?"

मी म्हणायचो, अगं, हे लोखंड आहे, त्याला काय मानपान. तू म्हणायचीस, मानपान नाही तर मग वरचीचा पाय वळवा ना. मी म्हणायचो, तसंही चालतं, पण साहेबांनी असं काढलंय. पुढं कितीतरी कामांवर हा वाद आपण असाच उकरून काढला. कधी भाकर थापताना, कधी सायकलवर डबलसीट जाताना. माझ्याकडं चांगलं उत्तर नव्हतं आणि तुला उत्तर हवंही नव्हतं, भांडायला काहीतरी हवं होतं.

दोन मजले चढले आणि सिमेंटचं सरकारी परमिट अडकलं. तिसरा मजला पुढं कधीतरी, असं समितीनं ठरवलं. खालच्या दोन मजल्यांत सातवीपर्यंतचे वर्ग मावत होते. आठवीपासूनचे वर्ग तिसऱ्या मजल्यावर व्हायचे होते. तो मजला नाही तर आठवी नाही, एवढा साधा हिशोब होता. बाहेरगावी ठेवून मुलगी शिकवणं ज्यांना झेपतं त्यांचं ठीक. बाकीच्यांच्या मुली सातवीनंतर घरी. सुजाता तेव्हा पहिलीच्या वयाची झाली होती, आणि तिला कुठं घालायचं याचा विषय आपल्या घरात रोज होता. म्हणून गच्चीवरच्या त्या टोकांकडं तू इतरांसारखी बघत नव्हतीस.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी समितीचे अध्यक्ष शेठजी गच्चीवर आले. कापसाच्या जिनिंगचे मालक, नीटनेटका माणूस, धोतराची निरी कधी विस्कटलेली पाहिली नाही. पाहुण्यांचा चहा गच्चीवर ठेवायचा असं त्यांच्या मनात होतं. त्यांनी प्रत्येक खांबाच्या जागी वर आलेल्या सळया पाहिल्या, एक आखूड, एक लांब, आणि त्यांचा चेहराच पडला.

"मिस्तरी, हे काय करून ठेवलं? कोनी अर्ध्यात काम टाकून पळालं काय? एकसारख्या कापून टाका."

मी सांगायला गेलो की नकाशातच तसं आहे. ते म्हणाले, नकाशा कोण बघतो, लोक गच्ची बघतात. नाहीतर मुळातूनच उडवा, पाहुण्यांचं धोतर अडकायला नको. ठेकेदारानं तिथल्या तिथं छन्नी आणि घण आणायला माणूस पाठवला. साहेब दुसऱ्या दिवसाशिवाय येणार नव्हते. शेठजी वाईट माणूस नव्हते, सायत्रे. नव्या इमारतीचा त्यांना आनंद झाला होता आणि सणाला घर झाडून घ्यावं तशी त्यांना ती गच्ची लख्ख करायची होती.

तू मधे पडलीस. मला आधी भीती वाटली, कारण तुझा आवाज कसा चढतो ते मला ठाऊक होतं. पण त्या दिवशी तो चढला नाही. तू म्हणालीस, शेठजी, घण येईपर्यंत जरा बसा. सिमेंटच्या बारदानातून तू सुतळ्या ओढून काढल्यास आणि तिथंच मांडी घालून दोन दोऱ्या वळायला घेतल्यास. एकीत नव्या सुतळ्या सगळ्या एकाच जागी लावल्यास. दुसरीत मागं-पुढं. शेठजी छत्री धरून उभे होते. जन्म कापसात गेलेला माणूस, पीळ पडताना दिसला की त्याची नजर हलत नाही. मला वाटतं तू तेवढंच हेरलं होतंस.

पहिली दोरी तू त्यांच्या हातात दिलीस, एक टोक मला धरायला लावलंस आणि म्हणालीस, वढा. शेठजींनी ओढली. दोरी जोडावर फटकन तुटली आणि शेठजी मागच्या रेतीच्या ढिगाऱ्यावर बसले, धोतरासकट. ठेकेदाराचा रंग उडाला. मी तर मनातल्या मनात बिऱ्हाड बांधायला घेतलं होतं. तू शांतपणे दुसरी दोरी पुढं केलीस. शेठजींनी बसल्या-बसल्या ती ओढली, मग उठून ओढली, मग पाय रोवून ओढली. ती काही तुटली नाही.

"शेठजी, लांब आहे ते सळाखी चुकून लांब नाही राह्यल्या. मुद्दाम ठेवल्या. सारख्या केल्या तं सारे जोड एका जागी येतीन, या पयल्या दोरीवानी. अन् मुळातून कापल्या तं वरचा मजला कायले धरून उभा राह्यल? कापल्यावर पोट्ट्याईची आठवी गेली समजा."

शेठजींनी तुटलेली दोरी उलटी करून जोड पाहिला. मग तेच आधी हसले. ते हसले म्हणून आम्ही हसलो. माणूस घण घेऊन वर आला तेव्हा त्याला तसाच खाली पाठवला. धोतर झटकत त्यांनी तुला विचारलं की बाई, तुला काय पाहिजे. दुसरी कुणी असती तर काही नको म्हणाली असती. तू म्हणालीस, पोट्टीचं नाव पहिलीत घ्या, आणि वरचा मजला चढला की आठवीतही घ्या. शेठजींनी तुटलेली दोरी बोटाभोवती गुंडाळली. शहरातल्या घरंदाज मुलींसाठी निघालेली ती शाळा, तिच्यात वस्तीवरच्या लोहा बांधणाऱ्याची मुलगी. मग म्हणाले, पाठवून दे. सुजाता त्या शाळेच्या पहिल्या हजेरीपटावर आहे ती अशी. हे मी ज्याला त्याला सांगतो, आणि सांगताना कंटाळत नाही.

दुसऱ्या दिवशी तू प्रत्येक खांबाच्या सळयांना बारदान गुंडाळून वर आंब्याची तोरणं बांधलीस. पाहुण्यांनी चहाचा कप हातात घेऊन विचारलं की हे काय आहे. शेठजी पुढं झाले आणि छाती काढून म्हणाले, हा आमचा तिसरा मजला, मुद्दाम वर-खाली ठेवलाय; सगळे जोड एका जागी आले की इमारत कमजोर होते. जणू नकाशा त्यांनीच काढला होता. तू जिन्याच्या तोंडाशी उभी राहून पदराचा बोळा तोंडात कोंबला होतास. मी तुझ्याकडं बघितलं असतं तर माझंही हसू फुटलं असतं, म्हणून मी आभाळाकडं बघत उभा राहिलो.

खानझोडे साहेबांना हा प्रकार कळला तेव्हा ते पोट धरून हसले. मग गंभीर होऊन म्हणाले की बाई, दोर ओढला जातो आणि खांब मुख्यतः दाबला जातो, त्यामुळं दोन्ही अगदी सारखे नाहीत. पण वारा आला, इमारत जरा कलली की खांबाच्या एका अंगाला ओढही येते, आणि शिवाय सगळे जोड एका जागी आले की सळयांची एवढी दाटी होते की काँक्रीट आत उतरत नाही. तेव्हा तुझी दोरी कामाची. त्यातलं सोयीचं तेवढं मी उचललं. पुढं कितीदा तरी तुला चिडवलं, की तुझी दोरी म्हणजे निव्वळ हातचलाखी, खांब कुठं ओढतात? तुझं उत्तर ठरलेलं असायचं.

"शेठजी बसले ना रेतीत? मंग झालं."

या वादाचा निकाल लागलेला नाही. मी अजून माझ्या बाजूला आहे, सांगून ठेवतो.

त्यानंतरची वर्षं आपण जिथं काम मिळेल तिथं गेलो. वणीला, ढाणकीला, पार उमरखेडापर्यंत. पण दर उन्हाळ्याच्या शेवटी तू कुठंही असलीस तरी यवतमाळला यायचीस. शाळेच्या शिपायाकडून गच्चीची किल्ली घ्यायची, बारदान सोडायचं, सळया तारेच्या ब्रशनं घासायच्या, कुंच्यानं त्यांना सिमेंटच्या पाण्याचा हात द्यायचा आणि वाळल्यावर नवं बारदान गुंडाळायचं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मजुरी देत नव्हतं. शाळेच्या मुली त्यांना गच्चीवरची बुजगावणी म्हणायच्या. सुजाता एकदा रडत घरी आली, की पोरी म्हणतात तुझी आई बुजगावण्यांना आंघोळ घालते. तू तिला दुसऱ्या दिवशी बरोबर वर नेलंस आणि तिच्या हातात कुंचा दिलास. ती परत आली तेव्हा तिच्या वेणीपासून पायापर्यंत सिमेंट होतं आणि त्या पोरींना काय उत्तर द्यायचं ते तिला कळलं होतं. काय उत्तर दिलं ते मात्र तुम्ही मायलेकींनी मला सांगितलं नाही.

आपल्या हाताखालची माणसं आता काम शिकून दुसऱ्या ठेकेदारांकडं गेली आहेत. ती या वर-खाली जोडाला दोराचा जोड म्हणतात. मागं ढाणकीच्या बाजारात एका गोदामाच्या कामावर एक अनोळखी पोरगा दुसऱ्याला सांगत होता, की साहेब म्हणतील तेवढी लांबी सोड, पण दोराचा जोड घे. मी विचारलं, हे नाव कुठून आलं रे? तो म्हणाला, असंच म्हणतात, पहिल्यापासून. घरी येऊन तुला सांगितलं तेव्हा तू त्या दिवशी तंद्रीत भाजीत तिखट जास्त टाकलंस, आणि मला कळलं की तू मनातून किती फुलली आहेस.

या हिवाळ्यात समितीनं तिसऱ्या मजल्याचा ठराव केला. परमिट आलं, काम आपल्याकडंच आलं. आणि त्याच सुमाराला तुझे डोळे पिवळे झाले. वैद्याचं झालं, दवाखान्याचं झालं. तू खाटेवरून रोज एकच विचारायचीस, की लोहा आला काय. मी म्हणायचो, येईल. वणीकडून येणारी गाडी रोज उद्यावर जात होती आणि तुझ्या अंगातलं बळ रोज उतरत होतं. मला त्या गाडीचा एवढा राग आला होता की विचारू नकोस. सुजाता सातवीचा अभ्यास तुझ्या खाटेच्या पायाशी बसून करायची. शेवटी शेवटी तुझा आवाज बसला, तेव्हा तू मला जवळ बोलावलंस. मला वाटलं आता मुलीचं काही सांगणार, नाहीतर माझंच काही.

"बारदान सोडसान तं सळाखी आधी घासून घेजा. अन् छन्नी कोनाच्या हाती देऊ नोका, मिस्तरी."

बस, एवढंच. यावर माणसानं काय म्हणायचं असतं? मी हो म्हटलं. बाकी जे म्हणायचं होतं ते राहून गेलं. लोहा आला तो तू गेल्यानंतर. गाडी वस्तीसमोरून गेली तेव्हा सळयांचा आवाज ऐकून मी सवयीनं आत सांगायला वळलो होतो.

मग मी वर गेलो. बारदान मीच सोडलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. तू दिलेल्या सिमेंटच्या हातांचे थर सुकून सालीसारखे झाले होते. घासले तसे खाली लोखंड निघालं, निळसर काळं, कुठंकुठं जरा तांबूस. खानझोडे साहेब आता डोळ्यांनी कमी बघतात, म्हणून त्यांनी प्रत्येक सळईवरून बोट फिरवलं, जाडी मापली, हातोडीनं वाजवून पाहिली. हलका तांबूसपणा चालतो, पापुद्रा नको, आणि पापुद्रा एकीवरही नाही, म्हणाले. मग खिशातून रुमाल काढून बराच वेळ चष्मा पुसत उभे राहिले. सायत्रे, मोकळ्या आभाळाखाली इतकी वर्षं राहिलेला लोहा मी पुष्कळ पाहिलाय. हातात भुगा येतो. तुझा लोहा खणखणीत वाजला. मला त्या वेळी रडू आलं नाही. मला असं झालं की खाली जाऊन बाजारपेठेतून ओरडत जावं, की या रे, या आणि बघा.

आखूड सळयांना नव्या सळया बुडाशी जोडल्या, लांबांना वर. तू वळवून ठेवलेल्या टोकांशेजारी नव्या सळया ओळंब्यात सरळ उभ्या राहिल्या. एका हातात आकडा घेऊन मी त्यांच्याकडं बघत होतो, आणि आपल्या जुन्या भांडणाचं उत्तर मला तिथं मिळालं. तू असतीस तर मान्य केलं नसतंस, तरी ऐक. खालची वाकते ती कुणापुढं नाही. तिच्या जागेवर वरचीला ताठ उभं राहता यावं, म्हणून ती जराशी बाजूला होते आणि तिचा हात सोडत नाही. माझं उत्तर एवढंच. आता तू काय म्हणाली असतीस याचा विचार करत मी पुढची गाठ बांधली, आणि ती गाठ मात्र तुझ्यासारखी पक्की बसली.

काँक्रीटच्या दिवशी शेठजी काठी टेकत वर आले. आता थकलेत, दोन माणसांनी धरून आणलं. समितीतली नवी मंडळी बरोबर होती. त्यातल्या एकानं पिंजऱ्याकडं बोट दाखवून विचारलं, हे जोड असे वर-खाली का? मला वाटलं, आता शेठजी छाती काढून पुन्हा तेच सांगणार. त्यांनी तोंड उघडलं, माझ्याकडं बघितलं आणि थांबले.

"हे मले एका बाईनं शिकवलं. रेतीत बसवून शिकवलं."

कोण बाई, असं त्या माणसानं विचारलं. शेठजींनी तुझं नाव घेतलं, पूर्ण नाव, बापाच्या गावासकट. त्यांना ते माहीत होतं हे मलाही माहीत नव्हतं. गच्चीवर मिक्सरचा आवाज होता, तरी ते सगळ्यांना ऐकू गेलं.

काल खांबांचे साचे उघडले. काँक्रीट कुठं पोकळ नाही, कुठं गिट्टी उघडी नाही. स्लॅब अजून व्हायचा आहे, भिंती व्हायच्या आहेत. पण जूनमध्ये आठवीचा वर्ग इथंच बसणार, प्लास्टर होवो न होवो, असं मोठ्या बाईंनी सांगितलंय. सुजाता सातवी पास झाली. तिला वर घेऊन गेलो. तिनं वर्गाची जागा पायानं आखून बघितली, मग कोपऱ्यातल्या खांबाला पाठ लावून उभी राहिली आणि मला विचारलं की बाबा, यात आईच्या सळया कुठवर आहेत.

मी कोळशाच्या खड्यानं खांबावर रेघ मारली, लांब सळई जिथं संपते तिथं. ती रेघ बरोबर तिच्या खांद्याशी आली. तिथवर तू आहेस, सायत्रे. तिथून पुढं नवा लोहा आहे, आणि आपली पोरगी आत्ताच त्या रेघेच्या वर डोकं काढून उभी आहे.